वांग्यातली अळी : औषधाच्या आधी कात्री



ऊस हे आपले मुख्य पीक. पण उसाचे बिल हप्त्याने येते, घरखर्च मात्र रोजचा. म्हणून पुष्कळ सभासद दहा-वीस गुंठे वांगी करतात. आठवडी बाजारला पाट्या गेल्या की हातात चार पैसे येतात. हा पैसा खाते ती शेंडा व फळ पोखरणारी अळी. काही जण आठवड्यात दोनदा पंप पाठीवर घेतात, तरी वांगी किडकी ती किडकीच. असे का होते ते आधी समजून घेऊ.

या किडीचा पतंग पांढरट असून पंखांवर तपकिरी ठिपके असतात. मादी कोवळ्या पानांवर, कळ्यांवर व फळाच्या देठाजवळ एकेक अंडे घालते. ३ ते ६ दिवसांत अळी निघते आणि लगेच शेंड्यात किंवा फळात शिरते. भोक ती आपल्याच विष्ठेने बुजवते. दोन-तीन आठवडे आत खाऊन ही गुलाबी अळी बाहेर येते व झाडाखालच्या पालापाचोळ्यात कोषात जाते. म्हणजे औषध तिला गाठते ते आत शिरेपर्यंतच. एकदा तिने दार लावून घेतले की वरून कितीही मारा, तिला काही होत नाही. उलट ढालकिडा, क्रायसोपा हे आपले मित्र मरतात आणि पांढरी माशी व लाल कोळी माजतात.

तेव्हा पुढील क्रमाने चालावे :

१) लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला प्लॉट फिरावा. मान टाकलेला शेंडा सुकलेल्या भागाच्या बोटभर खाली कापावा. झाड पुन्हा फुटते, काळजी नको. कापलेले शेंडे व किडकी फळे बांधावर फेकू नयेत, पतंग तिथूनच उडतात. ती जाळावीत किंवा खोल पुरावीत.

२) या किडीचेच कामगंध सापळे लावावेत. टेहळणीसाठी एकरी ४-५ पुरतात. पतंग पकडून संपवायचे असतील तर दर १० मीटरवर एक, म्हणजे एकरी ४० लागतात. सापळा झाडाच्या शेंड्याच्या उंचीला ठेवावा.

३) ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. ५ किलो निंबोळी कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्याने गाळून थोडा साबणचुरा घालावा व पाणी १०० लिटर करावे. फवारणी संध्याकाळी घ्यावी.

४) उसाचा खोडवा फायद्याचा, वांग्याचा मात्र नको. जुनी झाडे उपटून लगेच नष्ट करावीत. जळणासाठी रचलेल्या ढिगातूनही पतंग निघतात. त्याच रानात लागोपाठ वांगी घेऊ नयेत.

५) एवढे करूनही शंभरात पाचांहून जास्त शेंडे किंवा फळे किडली तरच रासायनिक औषध घ्यावे. ते वांग्यासाठी शिफारशीत असावे. आधी तयार फळे तोडून घ्यावीत, मग फवारावे. लेबलवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय पुढची तोडणी करू नये. आज फवारून उद्या बाजारला नेलेले वांगे कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जाते, आणि त्यातलेच आपल्याही घरी शिजते.

आता मुख्य मुद्दा. पतंगाला बांध कळत नाही. तुम्ही शेंडे खुडले आणि शेजाऱ्याने किडकी वांगी बांधावर टाकली, तर तुमची मेहनत निम्मी वाया गेली म्हणून समजा. २००२ साली उसावर लोकरी मावा आला तेव्हाही नुसत्या फवाऱ्याने तो आटोपला नाही. डिफा (कोनोबाथ्रा) व मायक्रोमस या मित्रकिडी शेताशेतात पसरल्या तेव्हा तो आवरला. तोच धडा इथे लागू आहे. एका शिवारातल्या वांगीवाल्यांनी आठवड्याचा एक वार ठरवावा आणि त्या दिवशी सगळ्यांनी मिळून शेंडे खुडावेत. कात्रीला खर्च नाही, फक्त एकी लागते. सहकारात ती आपल्याला नवी नाही.

काही अडचण असल्यास किडका शेंडा किंवा फळ घेऊन आपल्या गट ऑफिसला यावे.

– ऊस विकास अधिकारी