परदेशाहून परतलेल्या माणसाच्या कामाची प्रतवारी

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी व्यापाऱ्यांच्या उपयोगाचे काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, धान्याच्या घाऊक व्यापारात जन्म घालविलेला मनुष्य. पांडित्याचा विषय माझ्याकडून होणे नाही. परंतु गेल्या काही वर्षांत एक प्रश्न माझ्या घरात शिरला आणि आपणांपैकी अनेकांच्या घरात तो आहे किंवा उद्या येणार आहे, म्हणून त्यावर चार शब्द लिहीत आहे. परदेशात पंधरा-वीस वर्षे नोकरी करून वयाच्या पंचेचाळिशी-पन्नाशीत जो माणूस घरी परततो, त्याने येथे काम कसे मिळवावे आणि आपण व्यापाऱ्यांनी त्याच्याशी कसे वागावे, हा तो प्रश्न होय.

परत येणे हा दोष नव्हे

असा माणूस परतला की शेजारीपाजारी प्रथम हेच विचारतात, “का आला? काढून टाकले काय?” या प्रश्नात माणसाच्या कर्तृत्वावर संशय असतो. इतिहास पाहिला तर हा संशय किती अन्यायाचा आहे ते कळते. १९४२ साली जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले, तेव्हा तेथे दुकाने थाटून बसलेले लाखो हिंदी लोक पायी डोंगर ओलांडून स्वदेशी आले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी नव्वद दिवसांची मुदत दिली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले आणि एअर इंडियाच्या विमानांनी जॉर्डनमधील अम्मान येथून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. मे २०२० मध्ये महामारीच्या काळात ‘वंदे भारत’ मोहिमेने लोकांना आणण्यास प्रारंभ झाला आणि परतणाऱ्यांच्या कौशल्याची नोंद व्हावी म्हणून जून २०२० मध्ये सरकारला ‘स्वदेस’ नावाची यादीच सुरू करावी लागली. यांपैकी कोणाची लायकी एका रात्रीत नाहीशी झाली होती? माल तोच होता, बाजार तेवढा बदलला होता.

डॉ. खानखोजे यांचे उदाहरण

या विषयात आपल्या मराठी माणसांपैकी एक थोर उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्ध्यात झाला. तरुणपणीच ते देशाबाहेर पडले, अमेरिकेत त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीत भाग घेतला. पुढे १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले. तेथील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांची आकृती रेखाटली, एवढी तेथे त्यांची प्रतिष्ठा होती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर या माणसाने मायदेशी येण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती प्रथम नाकारली गेली. ब्रिटिश अमदानीत त्यांच्यावर घातलेली बंदी स्वतंत्र भारताच्या कागदपत्रांत तशीच राहून गेली होती. पुढे ती अडचण दूर झाली, ते नागपुरास येऊन राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

यातून धान्याच्या व्यापाऱ्याने दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली ही की, परतणाऱ्याच्या वाटेत पहिला धोंडा कागदाचा असतो. दुसरी ही की, परदेशातील कीर्ती माणसाबरोबर आपोआप गावी येत नाही. ती येथे समजेल अशा भाषेत मांडावी लागते. ज्यांनी मक्याचे वाण सुधारले त्यांनाही जर हे चुकले नाही, तर तुमच्या-आमच्या मुलांना कोठून चुकणार?

माझ्या घरची गोष्ट

आता माझी चूक सांगतो. माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षे आखाती देशात होता. धान्य आयात करणाऱ्या एका कंपनीच्या गोदामाचा तो प्रमुख होता. २०१६ साली कंपनीचा पसारा कमी झाला आणि तो सत्तेचाळिसाव्या वर्षी थाटीपुरास परतला. त्याने नोकरीसाठी अनेक ठिकाणी अर्ज केले. कोणी म्हणाले वय जास्त, कोणी म्हणाले येथला अनुभव नाही. एका आस्थापनेने तीन महिने उद्या-परवा करीत झुलविले. तेव्हा मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, “अरे, आपली पेढी आहे ना! उद्यापासून गादीवर बस.”

यात मला उपकार वाटला होता. परंतु गादीवर त्याला काम काय होते? रोकड मुनीम पाहत होते, भाव मी ठरवीत होतो, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्यास चहा सांगत होता. दोन वर्षांत त्याचे बोलणे कमी झाले. वहिनींनी माझ्या पत्नीजवळ डोळ्यांत पाणी आणून सांगितले की, ते पुन्हा परदेशी जाण्याच्या गोष्टी करतात, मिळेल ते काम करीन म्हणतात.

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या गोदामातील हरभऱ्याला कीड लागली. भाऊ गोदामात आला, थप्प्यांभोवती फिरला आणि म्हणाला, “दादा, ही थप्पी कधी लावली? ओलावा किती होता? धुरी कधी दिली?” मला एकाचेही उत्तर देता आले नाही. मागची पोती मागेच राहत होती आणि पुढची विकली जात होती. त्याने प्रत्येक थप्पीला एक पत्रक लावले. माल आल्याची तारीख, ओलावा, धुरीची तारीख आणि पोत्यांची संख्या त्यावर लिहिली. आधी आलेला माल आधी बाहेर, हा नियम घातला. भिंत आणि थप्पी यांमध्ये फिरण्यापुरती जागा सोडविली. जमिनीवर लाकडी फळ्या घातल्या. पुढच्या पावसाळ्यात आमचे नुकसान जवळजवळ थांबले.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, दोन वर्षे माझ्या गादीवर जो माणूस चहा सांगत बसला होता, त्याच्या विद्येची गरज माझ्याच गोदामाला होती. मी त्याला भाऊ म्हणून ठेवले, परंतु त्याला काय येते हे एकदाही विचारले नाही. त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी त्याच्यापुढे हात जोडले, ते केवळ रिवाज म्हणून नव्हे. पुढे त्याच पत्रकांचे नमुने दाखवून त्याला एका मोठ्या वखारीत व्यवस्थापकाचे काम मिळाले. आज तो तेथेच आहे.

परतणाऱ्याने काय करावे

या अनुभवावरून आणि चार जाणकारांना विचारून जे समजले ते क्रमाने देतो.

पहिले, परदेश सोडण्यापूर्वीच कागद पूर्ण करावेत. अनुभवपत्रात केवळ “अमुक वर्षे नोकरी केली” एवढे नसावे. कोणता माल, किती माणसे हाताखाली आणि कोणती यंत्रे वा हिशेबपद्धती, हे त्यात लिहून घ्यावे. कागदपत्रे साक्षांकित करून आणावीत; एकदा परतल्यावर तेथील शिक्का मिळविणे फार जिकिरीचे होते. सेवासमाप्तीची रक्कम मोजून घ्यावी. उदाहरणार्थ, संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे आणि त्यापुढील वर्षांसाठी ३० दिवसांचे मूळ वेतन देण्याचा नियम आहे.

दुसरे, पैशाची व्यवस्था. कायमचे परतल्यावर अनिवासी खाती तशीच चालू ठेवता येत नाहीत. बँकेस कळवून ती निवासी करावी लागतात. परकीय चलन त्याच रूपात ठेवावयाचे असेल तर परतलेल्या माणसासाठी वेगळे परकीय चलन खाते उघडता येते. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, त्याला आयकरात काही काळ “निवासी, परंतु सामान्यतः निवासी नसलेला” असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातील उत्पन्नावर सवलत असते. यासाठी प्रथमच चांगल्या लेखापालाचा सल्ला घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आणलेली सारी पुंजी एकदम घरात किंवा दुकानात घालू नये. निदान एक वर्षाचा घरखर्च बाजूस काढून मगच पुढे पाऊल टाकावे. हाती खर्चाची सोय असली म्हणजे माणूस घाईने चुकीचे काम पत्करीत नाही.

तिसरे, आपल्या अनुभवाची प्रतवारी करावी. आपण गव्हाच्या ढिगावर बसून “माझा गहू चांगला आहे” असे ओरडत नाही. पोत्यात परखी घालून नमुना काढतो, तळहातावर दाणा दाखवितो, ओलावा सांगतो आणि मग भाव बोलतो. परतलेल्या माणसानेही “मी एकोणीस वर्षे मोठ्या कंपनीत होतो” असे न म्हणता आपल्या हातून झालेली पाच कामे कागदावर मांडावीत. माझ्या भावाला एकोणीस वर्षांच्या अनुभवपत्राने काम मिळाले नाही, थप्पीच्या पत्रकाने मिळाले.

चौथे, मागील हुद्दा आणि मागील पगार दाराबाहेर ठेवावेत. दिऱ्हॅमचे रुपये करून जो भाव मागतो, त्याचा सौदा होत नाही. तीन महिन्यांची परीक्षा द्यावी, परंतु तिच्या अटी आणि त्यानंतरचे वेतन आधीच लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर बसू नये.

पाचवे, शोध उघडपणे करावा. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या राष्ट्रीय करिअर सेवेत नाव नोंदविता येते. धान्याच्या क्षेत्रात तर आज नवी गरज उत्पन्न झाली आहे. २००७ च्या वखार कायद्यानंतर नोंदणीकृत वखारींच्या पावत्यांवर बँका कर्ज देतात. अशा वखारींना माल शास्त्रशुद्ध ठेवणारी माणसे हवी असतात. स्वतःचा लहान धंदा करावयाचा असेल तर उद्यम नोंदणी विनामूल्य होते, आणि मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख व तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. तथापि ज्या धंद्याची माहिती नाही त्यात केवळ भांडवल आहे म्हणून उतरू नये.

आपण व्यापाऱ्यांनी काय करावे

सभासद बंधूंनो, सधर्मी-वात्सल्याचा अर्थ आपण पुष्कळदा एवढाच घेतो की गरजवंताला काहीतरी द्यावे. परंतु हात चालू असलेल्या माणसाला दान नको असते, काम हवे असते. परतलेला नातेवाईक दारी आला तर त्याला “का आलास?” न विचारता “तेथे तुझ्या हाताखाली काय होते?” हे विचारावे. त्याला एक दिवस आपल्या गोदामात, एक दिवस वहीखात्यात, एक दिवस मालाच्या पाठवणीत फिरवावे आणि काय सुधारता येईल ते लिहून मागावे. त्याचे वेतन नात्यावरून ठरवू नये, कामावरून ठरवावे. म्हणजे त्यालाही मान राहतो आणि आपल्यालाही संकोच राहत नाही. आपल्या पेढीत जागा नसेल तर संघातील दुसऱ्या पेढीचे नाव सुचवावे. संघाने एक साधी वही ठेवली आणि परतलेल्या माणसाला काय येते ते तीत लिहिले, तरी पुष्कळ काम होईल. त्या वहीतील पहिली नोंद माझ्या शेजारच्या मुलाची करावी, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. तो गेल्याच महिन्यात मस्कतहून परतला आहे आणि शीतगृहाची यंत्रे त्याला उत्तम समजतात.

धान्य कोठारात पडून राहिले की त्याला कीड लागते, हे आपण सर्व जाणतो. माणसाच्या हुन्नराचेही तसेच आहे. तो परदेशात मिळालेला असो की मायदेशी, वेळेवर वापरात आला तरच टिकतो. माझ्या गोदामात तो दोन वर्षे न वापरता पडून राहिला, हे मी येथे लिहिले ते एवढ्याचसाठी की आपल्या गोदामात तसे होऊ नये.