ज्वरानंतरचा विसांवा

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र २:२५–३०

ह्या पाठांत एपफ्रदीत नामक सेवकाचा वृत्तांत आहे. सेवा करतां करतां तो मरणोन्मुख झाला. देवानें त्याजवर दया केली. तो उठल्यावर पौलानें त्याला आपल्याजवळ कामास न ठेवतां घरीं पाठविलें, आणि मंडळीनें त्याचा मान राखावा असें लिहिलें. आजारांतून उठलेल्या माणसाशीं कसें वागावें, हें येथें शिकावयाचें आहे. आमच्या बीड जिल्ह्यांतील मंडळ्यांस ह्या शिक्षणाची विशेष गरज आहे.

१. ज्वर उतरला म्हणजे रोग गेलाच असें नाहीं. विषाणु बहुधा घशांत किंवा आंतड्यांत थोडे दिवस राहून नाहींसे होतात. परंतु कांहीं थोड्या लोकांत ते रक्तावाटे आंतल्या इंद्रियांत शिरतात, व त्यांच्या उपद्रवानें आणि त्यांच्याशीं चाललेल्या शरीराच्या झुंजीनें त्या इंद्रियास दाह होतो. १९४८ सालीं अमेरिकेंतील कॉक्सॅकी गांवच्या मुलांत सांपडलेल्या विषाणूंस त्या गांवाचेंच नांव मिळालें. त्यांपैकीं ‘बी’ गटाचे विषाणु हृदयाच्या स्नायूस ग्रासतात, क्वचित् स्वादुपिंडासहि. आपल्याकडील डेंग्यूनेंहि क्वचित् हीं दोन्ही इंद्रियें सुजतात.

२. स्वादुपिंड जठराच्या मागें असतें व अन्न पचविणारा रस तयार करतें. त्यास दाह झाला म्हणजे तो रस पिंडालाच पचवूं लागतो. गालगुंडांत हें कधीं कधीं घडतें. मुलाच्या बेंबीच्या वर तीव्र कळ उठून पाठीकडे जाऊं लागली व वांति थांबेना, तर करणी म्हणूं नये, पोटावर डाग देऊं नये. त्याला त्वरित रुग्णालयांत न्यावें. महाराष्ट्रांत २०१८ च्या नोव्हेंबरांत सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेच्या लशींत गालगुंडाची लस नव्हती. ती तिहेरी लशींत असते. तिजविषयीं आईबापांनीं डॉक्टरांस विचारावें.

३. हृदयाची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तें वेदनेवांचूनहि सुजतें. तापानंतर धाप लागणें, छातींत दुखणें किंवा धडधडणें, पायांस सूज, घेरी, हीं त्याचीं चिन्हें होत. पुष्कळ रोगी पूर्ण बरे होतात. पण त्या काळांत श्रम करणें घातक आहे. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कॉक्सॅकी विषाणूची बाधा झालेल्या उंदरांस पोहावयास लावलें, तेव्हां त्यांचा रोग फार बळावला. म्हणून हृदयदाह झालेल्यास डॉक्टर बहुधा तीन ते सहा महिने जड श्रमांपासून दूर ठेवतात.

आतां आपल्या लोकांकडे पाहा. दसरा-दिवाळीनंतर गांवेंच्या गांवें कारखान्यांकडे निघतात. उचल घेतलेली, मुकादमाचा हिशेब डोक्यावर. खाडा पडला कीं मजुरी जाते. अंगांत ताप असतांहि नवराबायको ऊस तोडतात आणि मोळ्या डोक्यावरून वाहून गाडींत भरतात. त्यांना ‘विसांवा घ्या’ एवढेंच सांगून जो घरीं जातो, त्यानें उपदेश केला खरा, पण ओझें उचललें नाहीं.

ह्यास्तव मंडळीनें पुढील गोष्टी कराव्या. टोळी निघण्यापूर्वीं ही चिन्हें सर्वांस समजावून द्यावीं. ज्याला तापानंतर धाप लागते त्याला घेऊन वडिलांपैकीं एकानें अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यांत स्वतः जावें. तो बसून असेल तितके दिवस त्याच्या घरच्या धान्याची तजवीज मंडळीनें करावी. मुकादमाशीं बोलण्यास त्याला एकटें सोडूं नये.

एपफ्रदीताला ‘आळशी’ म्हणणारे कोणी फिलिप्पै येथें असते, तर पौलाच्या पत्रानें त्यांचें तोंड बंद झालें असतें. आपल्या मंडळींतहि तसेंच व्हावें.

विचारार्थ प्रश्न : (१) पौलानें एपफ्रदीताला घरीं कां पाठविलें? (२) तापानंतरचीं कोणतीं चिन्हें दिसतांच डॉक्टरांकडे जावें? (३) आपल्या गांवांत आज अशा विसांव्याची गरज कोणास आहे, आणि त्याची चूल कोण पेटती ठेवील?