४४४१०८ : पाटीवर घेताना

तेल्हाऱ्याचा पिनकोड आपण पाकिटावर लिहितो, अर्जात भरतो आणि विसरतो. एखाद्या दुपारी तो पाटीवर घ्या.

काय करावे

• आधी अंकांची बेरीज करावी : ४+४+४+१+०+८ = २१. मग अख्ख्या संख्येला त्याच २१ ने भागावे. उत्तर २११४८, बाकी शून्य. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ‘हर्षद’ नाव दिले. शेजारच्या अकोटचा ४४४१०१ इथे नापास : बेरीज १४ आणि संख्या विषम. अकोटहून पाहुणे आले की चहासोबत हे जरूर सांगावे.

• ७ ची कसोटी तोंडी लावावी. शेवटचा अंक तोडा, त्याची दुप्पट उरलेल्यातून वजा करा. ४४४१० − १६ = ४४३९४; ४४३९ − ८ = ४४३१; ४४३ − २ = ४४१. इथे थांबा, हा २१ चा वर्ग आहे.

• अवयव शेवटपर्यंत पाडावे : २×२×३×७×१७×३११. ३११ ला १७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही, आणि १९ चा वर्ग ३६१ होतो. म्हणून पुढे जायची गरज नाही.

काय टाळावे

• १२ ने भागून ३७००९ आला की ‘ही मूळच दिसते’ म्हणून पाटी पुसू नये. ७ आणि १७ तिच्यातच दडले आहेत.

• ३ ने भाग गेला म्हणून ९ नेही जाईल असे धरू नये. २१ ला ९ ने भाग जात नाही, विषय संपला.

• विभाजक एकेक करून शोधत बसू नये. अवयवांवरून हिशेब : ३×२×२×२×२ = ४८.

• हर्षद निघाली म्हणून ‘देवळाली संख्या’ही म्हणू नये. तो मान जिला जनक नसतो तिचा. आपल्या संख्येला जनक आहे : ४४४०८४ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज २४ मिळवून पाहा.

• २+१ = ३, म्हणून गावाचा शुभांक ३, असले काही काढू नये. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या आखणीतून. पहिला ४ विभागाचा, शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. ग्रहांचा संबंध नाही.

• कापरेकरांची वजाबाकी (अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करणे) इथे लावताना ६१७४ सारख्या एकाच मुक्कामाची वाट पाहू नये. तो चार अंकांचा खेळ. इथे ८४४४१० − ०१४४४८ = ८२९९६२ पासून निघून आठव्या वजाबाकीला ८५१७४२ येतो; पुढे ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. पाटीवर थोडे वर पाहिले तर सातव्या पायरीला ६२०८७४ सापडेल. ४२०८७६ चेच सहा अंक, फक्त जागा बदललेले.