तबकातील वड

केजच्या परिसरात बांधावर वाढलेला वड हिवाळ्याची चिंता करीत नाही. त्याची मुळे खोल ओलाव्यापर्यंत पोहोचलेली असतात. परंतु तोच वड चार बोटे खोल तबकात वाढविला, म्हणजे त्याचे प्राण माणसाच्या हाती येतात. या जपानी कलेस ‘बोन्साय’ म्हणतात. ‘बोन’ म्हणजे तबक आणि ‘साय’ म्हणजे लावणे.

बालाघाटाच्या पठारावर बर्फ पडत नाही. तथापि पहाटेचा गारठा आणि कोरडा वारा उथळ मातीतील मुळांस बाधतो. म्हणून थंडीत झाड आडोशाला, पण उन्हात ठेवावे. वाढ मंदावलेली असल्याने खत देऊ नये, मुळे छाटू नयेत. वरची माती सुकल्याचे बोटाने पाहून मगच सकाळी पाणी घालावे. अतिपाण्याने मुळे कुजतात आणि विस्मरणाने झाड वाळते. छंदमंडळाचे मोल येथेच कळते. एखादा सभासद परगावी गेला, तर त्याचे झाड दुसऱ्याने आपले मानून सांभाळावे.

हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडील, सन १६२५ पासून जोपासलेला पाइन वृक्ष १९४५ च्या अणुबाँबमधूनही वाचला. १९७६ मध्ये तो अमेरिकेस भेट देण्यात आला. पिढ्यान्‌पिढ्या त्याला पाणी घालण्यास कोणी विसरले नाही, हेच त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य होय.