सर्टिफिकेट नंतर, आधी काम

अकरावीची परीक्षा संपली की घरोघरी एकच विषय निघतो: या सुट्टीत काय करायचं? कारण बारावीला सुट्टी अशी उरतच नाही. परदेशी विद्यापीठांचे लवकरचे अर्ज १ नोव्हेंबरच्या सुमारास द्यावे लागतात, बाकीचे बरेचसे जानेवारीच्या सुरुवातीला, आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा उभी. त्यामुळे अकरावीनंतरचा उन्हाळा हा हातातला शेवटचा मोकळा काळ. आई-वडिलांच्या आणि मुलांच्या या घाईवर पैसे कमावणारे पुष्कळ आहेत. मला त्याचा अनुभव आला. तो इतरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात परदेशी अर्ज करणारी मी पहिलीच. बाबांनी एका मार्गदर्शन संस्थेत चौकशी केली. नुसत्या मार्कांवर भागत नाही, ‘प्रोफाइल’ लागतं, असं तिथे सांगण्यात आलं आणि पर्यावरण विषयातली ऑनलाइन ‘रिसर्च इंटर्नशिप’ सुचवली गेली. निवड नाही, मुलाखत नाही, फी भरली की प्रवेश. काही लेक्चरं झाली, तयार आकडे देऊन ठरावीक साच्यातला रिपोर्ट लिहून घेतला गेला आणि शेवटी सगळ्यांना शब्दन्‌शब्द सारखंच शिफारसपत्र मिळालं, फक्त नाव वेगळं. पुढे आणखी पैसे भरले तर ‘पेपर’ छापून आणतो, असाही निरोप आला. तेव्हा मात्र बाबांनी नकार दिला.

बारावीत एका विद्यापीठाच्या मुलाखतीत प्राध्यापकांनी त्या रिपोर्टबद्दल विचारलं, “ही मोजमापं तुम्ही कुठे घेतलीत?” ती आयती मिळाली होती, तसं मी सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न आला, “मग सुट्टीत तुम्ही स्वतः काय केलंत?” याचं उत्तर माझ्यापाशी होतं. पण अर्जात त्याचा उल्लेखही नव्हता, कारण गावाकडच्या कामाला सर्टिफिकेट नसतं म्हणून ते लिहू नकोस, असा सल्ला मला मिळाला होता.

ते काम आजोळचं. माझं आजोळ साताऱ्याच्या माण तालुक्यात, कायम अवर्षणाच्या पट्ट्यात. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या. शेजारच्या विहिरीला पाणी टिकतं आणि आपलीच का आटते, हा मामाचा नेहमीचा प्रश्न. मी टेपला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायला लागले. आधी मामाची विहीर, मग आसपासच्या. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की सकाळी विहीर उपसलेली असायची आणि झऱ्यांचं पाणी भरून येईपर्यंत थांबावं लागे. उपशानंतर लगेच घेतलेला आकडा फसवा असतो, हे मला पुस्तकाने नाही, विहिरीने शिकवलं. म्हातारी माणसं खोली ‘परस’ या जुन्या मापात सांगत, मी वहीत मीटरही लिहीत असे.

पुढे वाचताना कळलं की आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी मुख्यतः मुरमात आणि भेगांमध्ये साठतं. म्हणूनच एका बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरी वेगळ्या वागतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ते समजल्यावर पावसाळ्यानंतर जाऊन मी त्याच विहिरी पुन्हा मोजल्या. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला ग्रामसेवकांनी ती वही मागून घेतली. आज मी भूविज्ञान शिकते आहे, ते त्या मोजणीमुळे.

यातून जे हाती लागलं, ते सांगते.

पहिली गोष्ट, जायचं कुठे ते आधी ठरवा. एमएचटी-सीईटी, जेईई किंवा नीटमधून होणाऱ्या प्रवेशात सुट्टीतल्या उपक्रमांना गुण नसतात. तिथे प्रोफाइलच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांना चालणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप’ अर्जात जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते. त्या यादीत सर्टिफिकेट जोडायची सोय नाही. विचारतात ते हे की काय केलंत, आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे. पगारी काम आणि घरच्या जबाबदाऱ्या यांना तिथे स्वतंत्र प्रकार आहेत. वडिलांच्या दुकानात बसणं, आजीचं आजारपण काढणं, द्राक्षबागेत राबणं, हे सगळं मोजलं जातं. आपली मुलं नेमकं हेच लपवतात.

दुसरी गोष्ट, पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. निवड कशावर होते? माझं काम तपासून चुका दाखवणारा माणूस कोण? आणि मी एक दिवस गेलो नाही तर कुणाचं काही अडेल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तिथे तुमची गरज नाही, फक्त तुमच्या फीची आहे.

तिसरी गोष्ट, खरं काम शोधायला लांब जावं लागत नाही. बाबा आमटे यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात भरते. इतिहासाची ओढ असेल तर मोडी शिका. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत आणि वाचणारे थोडे. पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर करता येतात, त्या अभ्यासकांना उपयोगी पडतात. मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्यातल्या नद्या, बारव, यात्रा यांवर आधार देऊन लेख लिहिता येतात. गावच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं यादी करून लावून द्या, ग्रंथपाल तुम्हाला सोडणार नाहीत.

चौथी गोष्ट, वही ठेवा. तारीख, जागा, काय केलं, काय चुकलं, कुणी दुरुस्त केलं. आणि सुट्टी संपल्यावरही ते काम थोडंथोडं चालू ठेवा. एका विषयात वर्षभर टिकलेलं काम पाच शिबिरांपेक्षा भारी ठरतं, कारण त्यावर कुणी कितीही खोलात विचारलं तरी सांगण्यासारखं तुमच्यापाशी उरतं.

पालकांना एक विनंती. कर्ज काढून मुलांसाठी प्रोफाइल विकत घेऊ नका. ते पैसे पुढच्या शिक्षणाला लागतील. या उन्हाळ्यात मुलांना असं एखादं काम करू द्या, ज्याची गरज कुणाला तरी खरोखर आहे. प्रवेश कुठेही होवो, ते शिकणं वाया जात नाही.