उन्हाने गज किती लांबतो?

मे महिन्यात भर दुपारी गोदामात बसले की डोक्यावरचा पत्रा कडकड वाजतो. ऊन चढताना वाजतो आणि मगरिबच्या सुमारास थंड होऊ लागला की पुन्हा वाजतो. आमच्याकडे नवीनच लागलेला एक हमाल म्हणाला, "सेठ, वर मांजरे पळतात." मांजरे नव्हेत, पत्रा लांबतो आणि आखडतो. १२ फुटी लोखंडी पत्रा पहाटे २५ अंशांवर असेल आणि दुपारी ६५ अंशांपर्यंत तापला, तर त्याची लांबी पावणेदोन मिलिमीटर वाढते. खिळ्याने घट्ट जखडलेल्या पत्र्याचे भोक असे रोज ओढ खाऊन मोठे होते आणि पहिल्या पावसात नेमके त्याच जागी खालचे सूत भिजते. हे नुकसान सोसल्यावर आम्ही भोके थोडी सैल पाडून वर रबरी वॉशर बसवू लागलो.

व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांनी शाळेत गोळा आणि कडीचा प्रयोग पाहिला असेल. थंड गोळा कडीतून आरपार जातो, तापवलेला अडकतो. आमच्या उर्दू शाळेत मास्तरसाहेबांनी फळ्यावर 'फैलना' आणि 'सुकडना' असे दोन शब्द लिहून दिले होते. मराठी शाळेत त्यालाच प्रसरण आणि आकुंचन म्हणतात. किती फैलते, हे मात्र परीक्षेत कोणी विचारले नाही. धंद्यात तर सगळा प्रश्न 'किती'चाच असतो.

त्याचा हिशेब अवघड नाही. तापमान एक अंशाने वाढले की लोखंड-पोलाद आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते. पितळ १९ भाग, ॲल्युमिनियम २३ भाग, साधी काच ९ भाग. लांबीला या आकड्याने आणि तापमानातील फरकाने गुणले की वाढ हाती येते. आपल्या कारागिरांना हा आकडा माहीत नव्हता, तरी हिशेब हाताला ठाऊक होता. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणारा लोहार धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो, चाकावर बसवतो आणि लगेच पाणी ओततो. चाकाचा घेर पावणेपाच मीटर असेल आणि धाव ४५० अंशांनी तापली, तर ती सुमारे अडीच सेंटिमीटर लांबते. थंड होताना तेवढीच आवळते आणि आरे, पाटे सगळे एकजीव करून टाकते. यंत्रमागाचा मिस्त्री बेअरिंग गरम तेलात ठेवून मग शाफ्टवर चढवतो, तीही हीच गोष्ट. त्यावर हातोडा चालवणारा मिस्त्री बेअरिंग फोडतो.

पातळ वस्तूंचे फैलणे धातूपेक्षा कितीतरी जास्त असते. खाद्यतेल दर अंशाला आपल्या आकारमानाच्या दहा हजारांत सुमारे सात भाग वाढते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये तेल भरणाऱ्यांना सांगितले की, पाकिटावर लिटरसोबत वजनही लिहा आणि तापमानाचा उल्लेख काढून टाका. कारण उघड आहे. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांवर ९१९.१ ग्रॅम भरते, ६० अंशांवर ८९२.६ ग्रॅम. म्हणजे गरम तेल भरून लिटर पुरे केले, तर ग्राहकाच्या घरी साडेसव्वीस ग्रॅम तेल कमी जाते, आणि मापाचे भांडे मात्र खरे असते! पेट्रोलची घनताही याच कारणाने १५ अंशांवर आणून पाहतात. अत्तर, सरबत किंवा तेल बाटलीत भरून विकणाऱ्या बांधवांनी थंडीत बाटली गळ्यापर्यंत भरू नये. जानेवारीत १५ अंशांवर भरलेले लिटरभर तेल मे महिन्यात ४२ अंशांवर २० मिलिलिटर जागा जास्त मागते. काच तेवढी सरकत नाही, मग बूच सरकते.

आता आमच्या स्वतःच्या फजितीकडे येतो. १९९८ च्या मे महिन्यात आम्ही मालेगावहून कोकणातील एका व्यापाऱ्याला कोऱ्या सुती कापडाचे ६० तागे पाठवले. प्रत्येक तागा १०० मीटरचा. पंधरा दिवसांनी त्यांचे पत्र आले की, तागे सरासरी ९८ मीटरच्या आसपासच भरतात आणि एकूण घट ११२ मीटरची आहे. आमच्या घडीवाल्याने आणि आमच्या भाईजाननी मिळून उत्तर ठरवले, आणि ते लिहिले आम्ही. उत्तर असे : आमच्याकडे ४३ अंश ऊन आहे, उन्हाने लोखंडी मीटर लांबतो, मापात फरक पडला असेल, आमची नियत साफ आहे.

त्या बुजुर्ग व्यापाऱ्यांनी इनलँड पत्राच्या एका बाजूवर हिशेब मांडून पाठवला. पोलादी मीटर २० अंशांवर बरोबर धरा, म्हणाले, आणि ४३ अंशांपर्यंत तापवा. १०० मीटरमागे फरक पडतो पावणेतीन सेंटिमीटरचा. दोन टक्के फरक पडायचा तर मीटर १६०० अंशांहून अधिक तापला पाहिजे आणि पोलाद त्याआधीच, सुमारे १५०० अंशांवर, वितळून जाते. खाली आणखी एक ओळ होती आणि ती जास्त झोंबली. गज लांबला तर त्याने मापलेले कापड गिऱ्हाइकाला जास्त जाते, कमी नाही. सेठ, तुमचा बहाणा उलट्या बाजूचा आहे. आम्ही तो कागद दोनदा वाचला. आम्हांला आजवर असे कोणी सभ्यपणे खोटे पाडले नव्हते. ११२ मीटरचे पैसे आम्ही मुकाट्याने परत केले.

पण मग ते दोन मीटर गेले कुठे? हे शोधायला आम्हांला आणखी एक हंगाम लागला. माग चालताना ताणा खेचलेला असतो, कापड गुंडाळताना खेचले जाते आणि आमचा घडीवाला टेबलावर आणखी हात मारून खेचत असे. त्या ताणातच आम्ही माप घेत होतो. मे महिन्यातील मालेगावची हवा कोरडी, तेथे सूत तसेच ताणलेले पडून राहते. कोकणच्या दमट हवेत तागा उघडला की सुताला ओल लागते, ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ लांबीला येते. सुती कापडाच्या लांबीचा हिशेब उन्हाने नव्हे, ओलीने बदलतो. कापूस पाण्याने लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. बाणा जाड झाला की त्याच्या वरून-खालून जाणाऱ्या ताण्याला जास्त वळसा घ्यावा लागतो, म्हणून कापड लांबीला आखडते. पहिल्या धुण्यात सदरा आखूड होतो, त्याचे कारण हेच. 'सॅन्फोराइज्ड' असा छाप पूर्वी मिलच्या कापडावर असे. सॅनफोर्ड क्लुएट या अमेरिकन गृहस्थांनी १९३० च्या सुमारास काढलेली ही पद्धत कापड विकण्याआधीच यंत्रात आखडून घेते.

वजनाचीही हीच कथा. सुती सुताचा व्यवहार साडेआठ टक्के ओल धरून करण्याचा नियम आहे. ५० किलोची गोणी उघडी पडून ओल पाच टक्क्यांवर आली, तर काट्यावर १.६ किलो कमी भरते. सूतवाल्याला चोर म्हणण्याआधी गोणी कोणत्या महिन्यात भरली आणि कोणत्या महिन्यात उघडली, एवढे पाहावे. कापडाच्या सरकारी चाचणीत म्हणूनच आधी नमुना २७ अंश तापमानात आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवतात, मग मापतात.

पॉलिस्टरची चाल मात्र निराळी. ओल त्याला जवळजवळ लागतच नाही, पण ऊब लागली की ते लोखंडाच्या उलट वागते, म्हणजे आखडते. धागा कारखान्यात ओढून लांब केलेला असतो, त्यातील रेणूंच्या साखळ्या ताठ उभ्या असतात. उष्णतेने त्या सैल होतात आणि गुंडाळी मारतात. पत्रा रात्री पुन्हा आखडतो, तसे हे कापड थंड झाल्यावर पुन्हा लांबत नाही. गेले ते गेले. यावर उपाय म्हणून प्रोसेसवाले स्टेंटरवर कापड ताणून धरून १८० ते २०० अंशांवर बसवतात. नीट बसवलेले कापड इस्त्रीला दाद देत नाही. घाईगर्दीत, इंधन वाचवून काढलेले कापड साडी किंवा कुर्ता झाल्यावर गिऱ्हाइकाच्या इस्त्रीखाली आखडते, आणि शिवी शिंप्याला बसते.

आमच्या पेढीवर हे ओळखण्याची साधी रीत आहे. कापडावर पेन्सिलीने बरोबर ५० सेंटिमीटरवर दोन खुणा करायच्या, पॉलिस्टरला चालेल एवढ्याच गरम इस्त्रीने दाब न देता दोनदा फिरवायचे, दहा मिनिटे थंड होऊ द्यायचे आणि पुन्हा मापायचे. अर्धा सेंटिमीटर गेला म्हणजे एक टक्का, तेवढे आम्ही चालवून घेतो. एक सेंटिमीटर गेला की लॉट परत. सुती तागा तर आता आम्ही उघडून रात्रभर सैल ठेवतो आणि सकाळी न खेचता घडी घालतो. १०० मीटरमागे दीड-दोन मीटर आमच्याच घरी कमी भरते. भाईजान अजूनही त्या वेळी दुसरीकडे तोंड करून बसतात.