सूर्यावरची कुसळे

गव्हाची एक पिकलेली ओंबी घ्या आणि तिचे एक कुसळ उपटा. त्याची जाडी अर्धा मिलिमीटर धरू. आता तुमच्या मित्राने हे कुसळ ताडकळसच्या शिवारात दीडशे मीटरांवरच्या बांधावर उभे धरले, तर ते तुम्हाला दिसेल का? नुसत्या डोळ्यांनी मुळीच नाही. सूर्यावरची एक गोष्ट आपल्यापासून पाहता एवढीच बारीक भासते, आणि तिचे निरीक्षण करण्यासाठी शास्त्रज्ञ सुमारे दीडशे वर्षे झटत आहेत. इंग्रजीत तिला स्पिक्यूल म्हणतात. गंमत अशी, की ज्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले त्याचे नाते धान्याच्या कणसाशीच आहे. म्हणून आपण तिला कुसळच म्हणू.

सूर्याचे जे झगझगीत बिंब दिसते तो दीप्तिगोल. त्याच्यावर वर्णगोल हा तांबूस-गुलाबी वायूचा पातळ थर असतो आणि त्याहून वर दूरवर पसरलेला विरळ किरीट. वर्णगोलातून तप्त वायूच्या बारीक चिळकांड्या सतत वर उडत असतात. एकेक चिळकांडी सुमारे ५०० किलोमीटर जाड आणि ५ ते १० हजार किलोमीटर उंच असते. तिचा वेग सेकंदाला सुमारे २५ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून पुण्याला सहा सेकंदांत! पाच-दहा मिनिटांत ती विरते किंवा खाली कोसळते, आणि शेजारी दुसरी उठते. कोणत्याही क्षणी सूर्यावर अशी लाखो कुसळे उभी असतात.

इटलीतील सेक्की यांनी १८७० च्या दशकात त्यांचे वर्णन केले. स्पिक्यूल हे नाव १९४५ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट्स यांनी दिले. वर्णगोल मुळात दिसतो तो खग्रास ग्रहणात, तोही काही सेकंदच. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. तेव्हा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले, तर लॉकियर विजयदुर्गला होते. (लॉकियर १८६८ च्या ग्रहणाला विजयदुर्गावर होते असे अनेकदा सांगितले जाते, ते खरे नाही. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, वर्णपटदर्शकाच्या साहाय्याने सूर्याच्या कडेवरील तेजस्वी रेषा पाहिल्या.) पुढे हायड्रोजनची ६५६३ अँगस्ट्रॉमची तांबडी रेषा तेवढी आत येऊ देणारे गाळणे निघाले आणि ग्रहणाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

पण बारीकपणाची अडचण राहिलीच. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे. ५०० ला १५ कोटींनी भागा; उत्तर तीन लाखांश. अर्धा मिलिमीटर आणि दीडशे मीटर यांचे गुणोत्तरही तेवढेच. दुर्बिणीला किती बारीक कोन ओळखता येतो, हे १.२२ × तरंगलांबी ÷ भिंगाचा व्यास या सूत्राने मिळते. ६५६३ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.००००६५६३ सेंटिमीटर. १० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीसाठी आकडेमोड करा. सूर्यावर १२०० किलोमीटर येतील, म्हणजे दोन-तीन कुसळे एकमेकांत मिसळतील. व्यास ५० सेंटिमीटर केला, तर २४० किलोमीटर. आता जमले!

कागदावर जमले, इतकेच. वैशाखात भर दुपारी नांगरलेल्या काळ्या रानावरून पाहा, पलीकडची झाडे थरथरताना दिसतात. तापलेल्या जमिनीवरची हवा अशी हलत असली की मोठ्या दुर्बिणीचाही उपयोग होत नाही. सूर्य पाहायचा, तर आड येतो तो सूर्यच! म्हणून उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर बांधली आहे. पाणी जमिनीइतके लवकर तापत नाही. तेथे २०१५ पासून ५० सेंटिमीटरची दुर्बीण काम करते. जपानने तर २००६ मध्ये हिनोडे उपग्रहावर तेवढीच दुर्बीण हवेच्या पलीकडे पाठविली. तिला आणखी वेगवान, सेकंदाला ५० ते १५० किलोमीटर वेगाची कुसळेही आढळली.

ही कुसळे उडतात कशाने? दीप्तिगोल खालून उकळत असतो आणि त्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होतो. हे हेलकावे वर जाताना वायू विरळ होत जातो. आसुडाची मूठ हळू हलविली तरी निमुळते टोक कडाडते, तसा येथे आघात-तरंग तयार होतो आणि चुंबकीय रेषांच्या वाटेने वायू वर फेकला जातो. हे एकमेव कारण मात्र नव्हे. चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळण्याचाही त्यात वाटा असावा असे अनेकांचे मत आहे.

बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतील साहेल डे, पियाली चॅटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी ध्वनिक्षेपकावर रंग ओतून तो हादरविला. रंगाचे बारीक उभे फवारे उडाले. पाणी असे हादरविले तर थेंबांत फुटते; रंगातील लांब रेणूंच्या साखळ्या मात्र फवाऱ्याला धाग्यासारखा सांधून ठेवतात. सूर्यावर हेच काम चुंबकीय रेषा करतात. शिक्षकांनी जुन्या ध्वनिक्षेपकावर प्लॅस्टिकचा कागद ताणून, खर्जातला स्वर लावून, आधी पाणी व मग दाट रंग वापरून हे जरूर दाखवावे. भोवती वर्तमानपत्रे पसरावीत. सूर्याकडे मात्र दुर्बिणीतून कोणीही थेट पाहू नये.

एवढा खटाटोप का? दीप्तिगोलाचे तापमान सुमारे ५५०० अंश सेल्सिअस, तर किरीटाचे दहा लाखांहून अधिक. चुलीपासून दूर जावे आणि अधिक भाजावे, असा हा प्रकार आहे. सौरवाऱ्यातून जेवढे द्रव्य बाहेर जाते त्याच्या सुमारे शंभरपट कुसळे वर नेतात. बहुतेक खाली परतते. त्यांची किती ऊर्जा किरीटात राहते, याचा निवाडा अजून झालेला नाही.

भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी १५ लाख किलोमीटरांवरील कक्षेत पोचले. त्यावरील सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. ती दीप्तिगोल व वर्णगोल यांच्या पूर्ण बिंबाची चित्रे घेते, परंतु तिच्या चित्रातील एक बिंदू म्हणजेच सूर्यावरचे सुमारे ५०० किलोमीटर. तेव्हा सुट्या कुसळाच्या तपशिलासाठी हवाई बेटांवरील ४ मीटरच्या इनोये दुर्बिणीकडे वळावे लागते. वरच्या सूत्रात व्यास ४०० सेंटिमीटर घालून पाहा. उत्तर ३० किलोमीटर यायला हवे.